बाळाच्या गादीतली रुई आणि आमची जीप : शेंदूरजनाघाट ते अकोट, अकोल्यावरून परत

नातीला, साक्षीला, आणायला अकोटला जायचं, हे ती जन्मली त्याच दिवशी ठरलं होतं. समोरच्या सीटवर कोण बसणार, तेवढं ठरायचं राहिलं होतं. साक्षीचे आजोबा म्हणाले, "मी बसतो." मी म्हटलं, "तुमचा गुडघा दुखते, तुमी घरी बसा." झालं, ठरलं.

लिहिण्याआधी एक सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. हे पान लेकीनं मोबाइलवर उघडून दिलं आणि बजावलं की आई, लिहिताना 'मले' नको, 'मला' लिहायचं. तसं लिहिते आहे. पण माणसं बोलायला लागली की ती आमच्या बोलीतच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

तर आमची जीप. बाग तोडली त्या वर्षी माझ्या मुलानं, गजूनं, ही जुनी जीप घेतली. संत्र्याची झाडं उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळली. वरुड तालुक्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या बांधावर संत्र्याचं सरपण रचलेलं दिसे. आमचंही त्यातलंच. तेव्हापासून गजू जीपमध्ये सवारी भरतो, हंगामात दुसऱ्यांच्या संत्र्याच्या पेट्या नेतो. घर त्या जीपवर चालतं. म्हणून गजू तिला रोज पुसतो, तिच्याशी बोलतो. बायको माहेरी गेल्यापासून जरा जास्तच बोलत होता.

आम्ही हिवाळ्यात निघालो. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता सांगते: वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा, अंजनगाव, अकोट. उजव्या हाताला जवळजवळ सगळ्या वाटेत सातपुडा दिसत राहतो. रस्ता कुठे चांगला, कुठे नुसता नावाला. पाठ दुखणाऱ्यांनी बुडाखाली उशी घ्यावी. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला अकोट, असं सगळे सांगतात. आम्ही दिवस मावळता पोचलो, त्याचं कारण मी.

परतवाड्याला मला रबडी खायची होती. खाल्ली. गजू म्हणाला, "आता चाल." मी म्हटलं, "तुया बायकोसाठी नको का न्यायला?" ती बांधून घेतली. अंजनगावला पानाचे मळे लागतात. विड्याची पानं इतकी कोवळी की हातात धरायची भीती वाटावी. बारशाला पानं लागतातच, म्हणून तिथेही उतरले. पानवालीशी ओळख निघाली, तिची बहीण मोर्शीला दिलेली. ओळख निघाल्यावर लगेच कसं उठणार? गजू जीपला टेकून उभा राहिला आणि चावी बोटात फिरवत राहिला.

अकोटच्या अलीकडे काटा वर चढला. काटा म्हणजे गाडी किती तापली ते दाखवणारा. जीप जुनी, थोडं पाणी पिते, हे गजूला ठाऊक होतं. "तुया विहीणबाईच्या दारात जाऊनच पाणी टाकतो," म्हणाला.

अकोटला सुनेच्या माहेरी पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती आणि ओसरीत कापूस. त्या वर्षी भाव नव्हता म्हणून लोकांनी कापूस विकलाच नव्हता, घरातच भरून ठेवला होता. यांच्या समोरच्या खोलीत तर आढ्याला टेकला होता. बसायला जागा नाही, मग सगळे त्याच ढिगाला टेकून बसलेले, आणि सगळे अंग खाजवताहेत. गजूनं बोनट उघडलं, गाडी जरा निवू दिली, फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत पळाला. पाणी आणायला नाही, लेक पाहायला. मीही पळाले. माणूस सहा आठवड्यांच्या बाळाला पाहायला जातो तेव्हा मागे वळून बघत नाही.

काय सांगू साक्षीबद्दल. नाक माझं. बाकी त्यांच्याकडचं असेल ते असो, पण नाक माझं.

या घरात सुनेची आजी आहे. सगळं अकोट तिला जिनवाली आजी म्हणतं, कारण तिचा नवरा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, यंत्रांना तेल घालायचा आणि तो आजारी पडला की ही त्याच्या जागी जायची. अंगानं काडी, आवाज भोंग्यासारखा. आम्ही आत बाळाभोवती असताना तिनं दाराच्या दोन्ही बाजूंना तेल घातलं. नवं माणूस, नवं काही पहिल्यांदा दारात आलं की घालतात तसं. जीप त्यांच्या दारात पहिल्यांदाच आली होती, तेव्हा जीपच्या कपाळाला हळदकुंकूही लावलं. गजू बाहेर आला तर रेडिएटर काठोकाठ भरलेलं. अंधारून आलेलं, त्याला वाटलं सासऱ्यांनी पाणी घातलं. झाकण लावलं आणि जेवायला बसला. गोळाभात होता, भातात शिजवलेले डाळीच्या भरडीचे गोळे. वर कढवलेलं सरकीचं तेल, हिंगाचा वास. इतकं जेवले की दुसऱ्या दिवशी बारशाला पाळण्याखाली वाकता येईना.

बारसं छान झालं. तेवढंच लिहिते, नाहीतर प्रवास राहून जाईल.

तिसऱ्या दिवशी निघालो. परत जाताना अकोला, अमरावतीवरून जायचं ठरलं, कारण जिनवाली आजीला अकोल्याला जुन्या शहरात तिच्या लेकीकडे सोडायचं होतं. मागच्या सीटवर सारिका, माझी सून, तिच्या मांडीवर साक्षी, शेजारी आजी. आणि बाळाची गादी. माहेरहून बाळाला गादी देतात. यांनी घरच्याच कापसाची रुई काढून ताजी भरलेली, इतकी फुगीर की तिला वेगळं तिकीट लागावं. मी समोर. मला वाऱ्यावर गाणं म्हणावंसं वाटत होतं आणि थोडं म्हटलंही.

अकोटच्या बाहेर पडलो तसा भज्यांचा वास आला. मी म्हटलं, "गजू, इथं कुठं तरी भजे तळून राहिले."

"आताच तर जेवली."

पुढचं गाव आलं, पुन्हा वास. मी डोकं बाहेर काढून पाहिलं, टपरी बंद. पुढे शेतं लागली, दोन्हीकडे नुसत्या कापसाच्या पराट्या, माणूस नाही, आणि वास तर कढईजवळ बसल्यासारखा.

"कावून गा, तुले येत नाही वास?"

"आई, तुले भजेच सुचते. काटा पाह्य कुठं गेला."

काटा पार टोकाला. बोनटमधून वाफ. चोहोट्ट्याला एक गॅरेज दिसलं तिथे गाडी लावली. मेकॅनिकनं बराच वेळ थांबून झाकण काढलं आणि आत पाहिलं. पाण्याच्या जागी पांढरट तपकिरी, घट्ट, विरजण बिघडल्यासारखं काहीतरी. त्यानं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं.

"तेल हाये पाण्यात," तो म्हणाला. "हेडचं पॅकिंग गेलं. इंजिनातलं तेल इकडं आलं. इंजिन खोला लागते, भाऊ. हेड वाकलं असन तं मंग इंजिनच गेलं समजा."

गजू फडकं घडी करत राहिला. एक घडी, अजून एक घडी, फडक्याचा रुमाल झाला. मला त्याच्याकडे बघवेना. इंजिन उतरवायचं म्हणजे महिनाभर सवारी बंद, आणि इंजिनच गेलं तर त्यापुढे काय, ते आमच्या घरात कुणीच मोठ्यानं बोललं नसतं. सारिका मागून हळूच म्हणाली, "आई, पोरीचा पहिला प्रवास, लोक काय काय म्हणतीन." तिच्या पोटात ते होतं. बाळ घरात यायच्या आधी घराची गाडी बसली, असं कुणीही म्हटलं असतं.

जिनवाली आजी मात्र मोठ्यानं म्हणाली, "अकोल्याले चाला. माह्या लेकीच्या गल्लीत अन्वर हाये. रेडिएटरचं काम त्याचंच. इथं काय मांडून बसता."

मग आम्ही चालत, थांबत, जिथे हापसा दिसला तिथे कॅन भरून पाणी टाकत अकोल्याला आलो. गांधीग्रामच्या पुलावर खाली पूर्णा दिसते, इतर वेळी थांबून पाहण्यासारखी आहे. आम्हीही थांबलो, पण गाडी तापली म्हणून. साक्षी सगळ्या वाटेत झोपलेली. नाक माझं, झोप आजोबांची.

मोर्णा ओलांडली की जुनं शहर लागतं. गल्ल्या अशा की समोरून हातगाडी आली तर दोघांपैकी एकानं मोठं मन करावं लागतं. बाळ घेऊन जाणाऱ्यांनी गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत जावं, असं मी सांगेन. आम्हाला ते शक्य नव्हतं. अन्वरभाईंचं दुकान म्हणजे एक शटर, आत जुन्या रेडिएटरांची थप्पी, वर त्यांचं घर. अन्वरभाई अंगानं जाड आणि जिभेनं त्याहून जाड.

"क्या आजी, गाडी लाई के बारात लाई?"

"बारातच हाये. पोरगी घेऊन चालले, पाह्य," आजी म्हणाली.

त्यांनी आधी बाळ पाहिलं, मग गाडी. गजूनं चोहोट्ट्याचं सगळं सांगितलं. अन्वरभाईंनी घमेलं खाली सरकवलं, रेडिएटरची खालची तोटी उघडली. ते विरजण गुळगुळ करत घमेल्यात उतरलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून त्यांच्या बायकोनं, शबानाबाईंनी, डोकं काढलं.

"नीचे भजे कौन तळून राहा?"

मी गजूकडे बघितलं. गजूनं माझ्याकडे बघितलं. मी घमेल्याजवळ बसले, वरच्या सायीत करंगळी बुडवली आणि नाकाशी धरली. आयुष्यभर ज्या तेलात फोडणी टाकली ते तेल मला कळणार नाही का?

"अन्वरभाई, हे गाडीचं तेल नोहे. ही सरकी हाये."

"सरकी?"

"सरकीचं तेल. खायाचं."

त्यांनी वास घेतला. मग इंजिनात तेल मोजायची सळई असते ती ओढून काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तिच्यावरचं तेल काळं, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. "पॅकिंग बिलकुल ठीक हाये," ते म्हणाले. "पॅकिंग गेलं असतं तं इधर भी दही जमला असता. गजूभाई, तुमची गाडी तेल पेऊन आली. पाजलं कोनं?"

"मी," जिनवाली आजी म्हणाली.

ती दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. "तुमी समदे पोरीले पाहाले पळाले. गाडी पहिल्यांदा दारात आली, तोंड उघडं टाकून उभी. दाराले तेल घातलं अन् तिले काय सुकंच ठेवू? तांब्याभर घातलं. चांगलं घाण्याचं. जिनातल्या यंत्राले मी इतकं कधी नाही घातलं."

गजूचं तोंड उघडलं, तेव्हा मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं. आजेसासूला बोलायचं नसतं, आणि मानपान म्हणून घातलेल्या तेलावरून तर मुळीच नाही. तोवर सारिका हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसत होती, बाळ मांडीवर हलत होतं. मग मी. मग वरून शबानाबाई. अन्वरभाई घमेल्याला हात जोडून म्हणाले, "इतना मान मेरी सासू ने भी नहीं किया." शेवटी गजूही हसला. चोहोट्ट्यापासून त्याच्या हातात घडी केलेलं फडकं होतं, ते त्यानं सोडलं.

हसून झालं, पण गाडी काही हसण्यानं स्वच्छ होत नाही. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी हे नीट वाचावं.

तेल आत राहिलं की बारीक नळ्यांना आतून चिकटतं, पाणी फिरतं पण निवत नाही, आणि गाडी तापत राहते. गजूला घाई, त्यानं समोरच्या दुकानातून कपडे धुण्याची पावडर आणून ओतली आणि इंजिन सुरू केलं. अन्वरभाई "नको, नको" म्हणेपर्यंत फेस वर आला. फेस बोनटवर, फेस चाकांवर, फेस नालीतून गल्लीच्या तोंडापर्यंत. एक सायकलवाला फेसासमोर थांबला, जरा विचार केला आणि मागे वळून गेला. शबानाबाईंनी वरून विचारलं, "गाडी धुवून राहिले का गल्ली?"

मग अन्वरभाईंनी रीतीनं केलं. फेस सगळा काढून टाकला. इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते, गाडी तापेस्तोवर पाणी अडवून धरणारी, ती काढून ठेवली, म्हणजे पाणी मोकळं फिरावं. शबानाबाईंनी वरून बादल्या भरून गरम पाणी दिलं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवला, भरला, इंजिन चालवलं, तापवलं, बंद केलं, निवू दिलं, सोडून दिलं. पुन्हा साधं पाणी. पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी घमेल्यात थोडं कमी विरजण. पण शेवटचं तेल काही हटेना. गाडी बंद केली की रेडिएटरच्या तोंडाशी तवंग येऊन बसे आणि ओतून दिलं की आतच कुठेतरी चिकटून राही.

जिनवाली आजी खुर्चीतून उतरली. "रुई आना," म्हणाली.

"रुई कायले?"

"जिनात तेल सांडलं तं आमी पाण्यानं नाही धूत होतो. रुईचा बोळा फिरवत होतो. कच्ची रुई तेल पेते, पाण्याले तोंड नाही लावत. सरकीचंच तेल हाये, वळखन तिले."

आता जुन्या शहरात भर दुपारी कच्ची रुई कुठली? दुकानात मिळते ती दवाखान्याची, ती पाणी पिते. आमची सगळ्यांची नजर एकाच वेळी बाळाच्या गादीवर गेली. सारिकानं गादी छातीशी धरली. माहेरची, नवी, आईनं टाचलेली. तिनं गजूकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि स्वतःच दातानं कोपऱ्याचा टाका तोडला.

"मूठभरच," म्हणाली. "अन् मी काढतो, तुमी नका हात घालू."

आजीनं काडीला रुई घट्ट बांधली आणि तवंगावर फिरवली. अन्वरभाई शेजारी उभे, "आजी, अंदर मत छोडना, नळी चोक होईल." आजी म्हणाली, "तू जन्मला नव्हता तवापासून फिरवून राहिली मी." बोळा वर आला तो पिवळा, जड, तेलानं थबथबलेला. आणि पिळला तर पाणी जवळपास नाहीच. दुसरा बोळा. तिसरा. मध्ये मध्ये इंजिन सुरू, बंद, तवंग वर येऊ द्यायचा, पुन्हा बोळा. अन्वरभाईंनी काडी मागितली, आजीनं दिली नाही. मीही मागितली. मला दिली, पण एकदाच.

शेवटचा बोळा पांढराच वर आला. आजीनं तो नाकाशी धरला आणि माझ्या नाकाशी धरला. भज्यांचा वास नाही. मला जरा वाईटच वाटलं.

तेल प्यायल्यामुळे रबराचे दोन पाइप फुगून मऊ झाले होते, ते नवे टाकले. झडप परत बसवली, स्वच्छ पाणी भरलं. गजू आणि अन्वरभाई जीप घेऊन मोर्णेच्या पलीकडे चक्कर मारायला गेले. आम्ही तिघी पायरीवर, मांडीवर साक्षी, शबानाबाईंचा चहा. मी आयुष्यात कुणाची इतकी वाट पाहिली नसेल, आमच्या ह्यांची तर नाहीच. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि गजूनं खिडकीतून हात बाहेर काढून काट्यासारखा आडवा धरला. मधोमध. तापली नाही.

ती रात्र आजीच्या लेकीकडे काढली. सकाळी निघताना आजीनं सारिकाच्या हातात बाळ दिलं, जीपच्या बोनटवर थाप मारली आणि गजूला म्हणाली, "राग नोको धरू, बापू." गजू वाकून पाया पडला. "आजी, तेल चांगलं होतं," म्हणाला.

पुढचा रस्ता मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असा, आणि सरळ, गुळगुळीत. अमरावतीला गिलावडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. दह्यात बुडालेला असतो. गजूनं खाल्ला नाही, म्हणाला, दही बघवत नाही काही दिवस. त्याचा मी खाल्ला. मोर्शीच्या पुढे संत्र्याच्या उभ्या बागा दिसायला लागल्या. ज्यांच्या राहिल्या त्यांच्या. सारिकानं बाळाला खिडकीशी धरून दाखवल्या. मी काट्याकडे बघत होते. मधोमध.

घरी पोचलो तेव्हा साक्षीचे आजोबा गुडघा विसरून फाटकात उभे. शेजारच्या बाया ताट घेऊन. मी उतरले, सुनेच्या पायावर पाणी घातलं, बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग शेजारणीनं तेलाची वाटी माझ्या हातात दिली. दाराच्या दोन्ही बाजूंना घालायचं असतं.

मी वाटी घेऊन वळले तर गजू जीपच्या समोर उभा. पाठ बोनटला लावून, दोन्ही हात पसरून.

"आई," तो म्हणाला, "दाराले घाल. दारालेच घाल."

मी दाराला घातलं. डावीकडे, उजवीकडे. वाटीत थोडं उरलं, ते त्याच्या डोळ्यांसमोर जीपच्या पुढच्या चाकाला बोटानं लावलं. तेवढं त्यानं करू दिलं.

गादी आता साक्षीची नाही, तिच्या धाकट्या भावाची आहे. एक कोपरा जरा बसका आहे आणि त्याला लाल दोऱ्याचा टाका आहे, तो माझ्या हातचा, म्हणून वाकडा. जीप अजून चालते. चढावर फार तापली तर कधी कधी, अगदी हलकासा, भज्यांचा वास येतो. गजू म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ. पण वास आला की तोच आधी गाडी बाजूला घेतो, आणि म्हणतो, चाल आई, बघू इथं कुठं टपरी हाये का.